मी म्हणालो 'विकू', गावाने ऐकले 'घेऊ'

मी एक जुना कर्णा आहे. प्रचाराच्या गाडीच्या टपावर बांधतात ना, तोच. अ‍ॅल्युमिनियमचा, राखाडी रंगाचा, एका अंगाने चेपलेला. काही लोक मला भोंगा म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचे बोलणे मोठे करून सांगितले. त्यातले निम्मे सांगण्याच्या लायकीचे नव्हते. आज पहिल्यांदाच माझे स्वतःचे सांगतो आहे, तेव्हा मध्येच कुणी येऊन माझ्या तोंडावर टिचक्या मारत 'हॅलो, हॅलो' करू नये एवढीच विनंती.

माझा जन्म तैवानातल्या चांगहुआ गावी, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका अबोल कारागिराने फिरत्या साच्यावर पत्रा दाबून दाबून मला फुलासारखा आकार दिला. मग बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. टण्ण असा आवाज आला तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मला वाटले, आता आपल्या नशिबी मोठमोठी भाषणे असणार. कसले काय! मला विकत घेतले ते जाळीची दारे दुरुस्त करणाऱ्याने. "जाळीची दारं, जाळीच्या खिडक्या दुरुस्त करून मिळतील, काच बदलून मिळेल," हे एकच वाक्य, एकाच बाईच्या आवाजात, मी काही वर्षे गल्लोगल्ली ओरडत फिरलो. पुढे मी एका देवळाकडे गेलो. देवीची पालखी निघाली की मी पुढे असायचो. तिथे फटाक्यांची एक माळ माझ्या कानाशीच फुटली आणि हा पोचा आला. देवीच्या सेवेत आला म्हणून त्याचे मला वाईट वाटत नाही.

मग मला आ-बेंगने घेतले आणि त्याच्या छोट्या निळ्या मालगाडीच्या टपावर चढवले. आ-बेंग मूळचा समुद्रकाठचा. त्याची बोली वेगळी. पण त्याने लग्न केले ते डोंगरातल्या शिउकिमशी, आणि राहिला तिच्याच माहेरी, शाकहांग गावात. थोडक्यात, घरजावई. शाकहांगचे सगळे लोक हक्का नावाच्या समाजाचे. ते हक्का बोलीत भांडायला लागले की आ-बेंग शांतपणे गाडी पुसत बसतो. "तुला काही कळलं का?" असे शिउकिमने विचारले, की तो म्हणतो, "सूर कळला. माझ्यावरच होतं."

शाकहांगची सगळी भिस्त अमरफळांवर. केशरी रंगाची, टोमॅटोएवढी ही फळे शरद ऋतूत सोलायची, बांबूच्या मोठ्या ताटांत मांडायची आणि डोंगरावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यात वाळवायची. रोज हाताने थोडी थोडी दाबून चपटी करायची. त्या दिवसांत सगळे गाव केशरी दिसते. शिउकिमचे अंगण त्यात सर्वांत मोठे. आ-बेंगची गाडी दोन पैसे मिळवते, पण घर चालते ते या ताटांवर. वाळलेला माल लो नावाचा व्यापारी दरवर्षी येऊन उचलून नेतो. तो नेईल तेव्हाच, कारण नवे वर्ष लागले की वारा पडतो, झिमझिम पाऊस सुरू होतो आणि अंगणात राहिलेल्या फळाला बुरशी धरते. हे ध्यानात ठेवा, पुढचे सगळे यावरच अडले आहे.

एकदा वादळात ओढ्याला पूर आला होता. तेव्हा आ-बेंगने माझ्यावरून ओरडून खालच्या आळीला वेळेत वर बोलावले. गावाने माझ्या गळ्यात लाल रिबीन बांधली. "या कर्ण्याचा आवाज खोऱ्याच्या पलीकडे जातो," असे लोक पाहुण्यांना सांगत. त्याच आवाजावर मग निवडणुकीवाल्यांची नजर गेली आणि माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

मित्रांनो, निवडणुकीच्या कर्ण्याचे जिणे म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. सकाळी या पक्षाचा जयजयकार, दुपारी त्या पक्षाचा. मी कधी कुरकुर केली नाही. पण ज्या निवडणुकीबद्दल मी सांगतो आहे तिच्यातला प्रकार आठवला की अजून माझा पत्रा तापतो.

आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची जोडी उभी राहते. शिक्का एकच, तो दोघांना मिळून. त्या वर्षी एका पक्षाचे उमेदवार होते थांग साहेब. तैपेईचे नामांकित वकील. माणूस वाईट नव्हता, पण चेहरा असा की लग्नाला आले तरी सांत्वनाला आल्यासारखे वाटायचे. शहराबाहेर त्यांना कुत्रे विचारत नव्हते. म्हणून जोडीला दुसरे माणूस असे हवे होते की साहेबांपाशी जे जे नाही ते सगळे त्याच्यापाशी असेल.

हे शोधकार्य मी स्वतः ऐकले आहे. पक्षाचे आमच्या भागातले व्यवस्थापक वेई देवळाच्या अंगणात आमच्या गाडीच्या पायरीवर बसून तैपेईशी फोनवर बोलत होते. अंगात बिनबाह्यांचे प्रचाराचे जाकीट, हातात चहाचा पेला.

"बाईच हवी. हो... नाही, फार देखणी नको, साहेब झाकले जातील. अगदीच साधी पण नको, पोस्टर उठत नाही... हक्का? सोन्याहून पिवळं! आणि दक्षिणेची? अहो मग बघताय काय, एका दगडात तीन पक्षी!... शिकलेली आहे ते ठीक आहे हो. जास्त बोलत नाही ना?"

मुलगी बघायला जातात तेव्हासुद्धा एवढ्या अटी घालत नसतील. त्या बाईंना देशाचे काय कळते, हे मात्र एकदाही विचारले गेले नाही.

शिउकिम देवळात ठेवायला फळांची टोपली घेऊन आली होती. तिने जाता जाता म्हटले, "वेई साहेब, दक्षिणेकडचे हक्का वेगळे हं. त्यांची बोली वेगळी, आमची वेगळी."

"अहो वहिनी, भात तो भात," वेई हसत म्हणाले. "जाड काय नि बारीक काय, पोट भरल्याशी कारण!"

"मग आठ दिवस नुसता चिकट भात खाऊन बघा," शिउकिम म्हणाली. "पोट कसं भरतं ते कळेल."

वेई पुन्हा हसले, पण त्यांनी लक्ष दिले नाही. लोकांच्या डोक्यात हा एक भलताच समज असतो. आपल्या आळीतल्या दोन घरांत किती फरक आहे ते यांना बरोबर दिसते, पण दुसऱ्यांची सगळी आळी यांना एकाच घरासारखी वाटते.

तर अशा रीतीने चुंग लान-इंग बाईंची निवड झाली. दक्षिणेतल्या एका शेतकी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. बुटक्या, ठसठशीत, केस मागे घट्ट बांधलेले. फळे टिकवायची कशी यावर त्यांनी आयुष्य घालवले होते. पण वर्तमानपत्रांनी त्यांच्या बुटांपासून रिबिनीपर्यंत सगळ्याची चर्चा केली आणि फळांचे नाव काढले नाही. एका पुढाऱ्याने तर जाहीरपणे म्हटले, की साहेब म्हणजे जेवण आणि बाई म्हणजे तोंडी लावणे. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. मला त्या तेव्हापासून आवडू लागल्या.

आमच्या भागासाठी त्यांचा आवाज भरायचा होता. वेईंनी फर्मान काढले, "इथल्या लोकांना इथल्याच बोलीत ऐकवायचं. म्हणजे त्यांना वाटलं पाहिजे, आपलीच लेक आलीय." प्रचार कार्यालयात शांतता मिळेना म्हणून बाईंना आ-बेंगच्या गाडीत बसवले, काचा वर केल्या आणि यंत्र हातात दिले. बाईंनी आदल्या दिवशी कार्यालयातल्या एका मुलीकडून आमची बोली घोकली होती. बिचाऱ्या मनापासून बोलल्या. "शाकहांगच्या मायबापांनो, या फळांमागचे तुमचे कष्ट मला माहीत आहेत. आम्ही निवडून आलो तर तुमचा माल सरकार तुमच्यासाठी विकून देईल."

आता इथे नीट ऐका. हक्का बोलीत विकणे म्हणजे 'माय' आणि विकत घेणे म्हणजेही 'माय'. फरक फक्त सुराचा. दक्षिणेकडे हा शब्द उंच सुरात म्हटला की विकणे. आमच्या डोंगरात तोच शब्द उंच सुरात म्हटला की विकत घेणे. हसू नका, तुमच्या मराठीतही विकणे आणि विकत घेणे यांचे तोंडवळे सारखेच आहेत. बाईंचे सगळे वाक्य आमच्या बोलीत आले, अगदी सासरी रुळलेल्या सुनेसारखे. तो एक शब्द मात्र माहेरचाच राहिला. त्यांनी म्हटले, सरकार तुमच्यासाठी विकेल. आमच्या कानांना ते आले, सरकार तुमच्याकडून विकत घेईल.

बाईंना स्वतःला शंका आली होती. त्या म्हणाल्या, "एकदा परत ऐकू द्या. एक शब्द कुठंतरी घसरल्यासारखा वाटला."

वेईंचे लक्ष घड्याळाकडे. "मॅडम, अजून चार गावं व्हायचीत. आणि त्या जुन्या कर्ण्यातून काय एवढं बारीक कळतंय!"

मी त्यांच्या डोक्यावर बसलेला. मला कळले होते! पण कर्ण्याला कोण विचारतो? आत येईल ते बाहेर टाकायचे, एवढेच माझे काम.

दुसऱ्या दिवसापासून मी ते वाक्य सगळ्या खोऱ्यात ऐकवू लागलो. आधीच वेईंच्या माणसांनी सांगून ठेवले होते, की बाई खास तुमच्या बोलीत बोलल्या आहेत. त्यामुळे कुणी दक्षिणेचा सूर लावून ऐकलेच नाही. लोक हातातली कामे टाकून दारात आले. मोए काकू, म्हणजे शिउकिमची शेजारीण, सगळ्या आळीत वयाने मोठ्या. त्यांनी आ-बेंगला थांबवून वाक्य पुन्हा वाजवायला लावले.

"सरकार घेणार म्हणतेय ना गं?"

"घेणारच म्हणतेय काकू," शिउकिम म्हणाली. "आणि बघा, आपल्यासारखं बोलतेय. मी उगाच वेईला टोचून बोलले."

"काय ग बाई! आजवर आले ते सगळे नुसती मतं मागायला. ही पहिलीच, जी काहीतरी घ्यायला येतेय."

चार-पाच दिवसांनी लो आला. दरवर्षीसारखा ताटांमधून फिरला, एक फळ उचलून वास घेतला आणि भाव सांगितला. दरवर्षी शिउकिम त्याच्याशी तासभर घासाघीस करायची. यंदा तिने अंगणाचे फाटक उघडले आणि बाहेरची वाट दाखवली.

"यंदा नाही हो लो. यंदा सरकार घेतंय."

"सरकार?" लो म्हणाला. "सरकार वाळकी फळं खातं?"

"तुम्ही तरी कुठं खाता? तुम्ही पण पुढं विकताच ना?"

"बरं बाई," लोने टोपी डोक्यावर ठेवली. "मी पलीकडच्या खोऱ्यात बोलणी करतो. पावसात मला फोन करू नका म्हणजे झालं."

शिउकिमने त्याच्यामागे फाटक लावून घेतले. एकट्या तिने नाही, सगळ्या आळीने त्याला असेच वाटेला लावले. मी टपावरून पाहत होतो. त्या दिवशी माझ्या गळ्याची तार कुणी उपटली असती तर मी त्याला दुवा दिला असता. पण नाही! संध्याकाळी आ-बेंगने मला पुन्हा सुरू केले, कारण वेईंचा निरोप आला होता. शाकहांगमध्ये पक्षाचा जोर एकदम वाढला होता, तर तेच वाक्य आणखी मोठ्याने लावायचे होते.

वारा अजून चांगला होता, पण डोंगरावर ढग उतरू लागले होते, तेव्हा चुंगबाई स्वतः गावात आल्या. मतदान जवळ आले होते. गाड्यांचा ताफा, झेंडे, आणि वेई सगळ्यांच्या पुढे. बाईंनी मात्र हात हलवण्याचे काम पटकन उरकले आणि शिउकिमच्या अंगणात शिरल्या. मोए काकूंनी तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांची ताटली त्यांच्या हातात दिली. बाईंनी एक वडी तोंडात टाकली, ताटली डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने एक फळ दाबून पाहिले.

"छान वाळलंय. पण एवढा माल अजून अंगणात कसा? इकडे पाऊस कधी लागतो?"

"नवं वर्ष लागलं की," शिउकिम म्हणाली. "पण दरवर्षी तोवर व्यापारी घेऊन जातो."

"मग यंदा आला नाही का?"

"आला होता की. आम्ही परत पाठवला!" शिउकिमचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्ही घेणार म्हटल्यावर त्याला कशाला द्यायचं?"

बाईंचा घास तोंडातच राहिला. "कोण घेणार?"

"तुम्ही. सरकार. कर्ण्यावरून सांगितलंत ना?"

"मी असं कधी म्हणाले?"

आ-बेंगने बटण दाबले. माझ्यातून बाईंचाच आवाज बाहेर आला आणि सगळ्या अंगणाने तो ऐकला. तो शब्द आला तेव्हा बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी तो शब्द स्वतःशीच दोनदा म्हटला, एकदा आपल्या सुरात आणि एकदा आमच्या. अंगठ्याखालचे फळ त्यांनी हळूच जागेवर ठेवले.

वेईंना प्रकार कळायला वेळ लागला नाही. ते बाईंना आमच्या गाडीच्या मागे घेऊन आले. लोकांना वाटते गाडीच्या मागे कुणी ऐकत नाही. मी कोण मग?

"मॅडम, हे बघा, आत्ता एक शब्द बोलू नका," वेई म्हणाले. "मतदान होऊन जाऊ दे. मग सांगू काय ते."

"तोवर पाऊस येईल."

"आला तर आला! या गावानं आजवर आपल्याला उभं केलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा आपल्याकडे वळलंय. तुम्हाला जोडीत घेतलं ते याच मतांसाठी."

"वेई," बाई म्हणाल्या, "माझ्याबाबतीत तरी तो शब्द कुठल्या सुरात म्हणायचा ते ठरवा. तुम्ही मला घेतलंय, की विकताय?"

वेई जाकिटाची साखळी वरखाली करू लागले. बाई पुढे म्हणाल्या, "मग मीच घेते यांचा सगळा माल. माझ्या पैशानं."

"हात लावू नका!" वेई जवळजवळ ओरडलेच. "उमेदवारानं मतदाराकडून एक टोपली जरी उचलली, तरी उद्या मतं विकत घेतली म्हणून आपल्यावर खटला उभा राहील." मग त्यांनी वर पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. त्यांचे डोळे चमकले. "सांगायचंच असेल ना, तर असं सांगा. म्हणावं, कर्णा जुना आहे, चेपलेला आहे, त्यातून आवाज फाटून आला. कुणाचंच काही जात नाही."

कुणाचंच काही जात नाही! ऐकलेत मित्रांनो? ज्या कर्ण्याने पुरातून एक आळी बाहेर काढली, त्याच्या माथी खापर फोडले की कुणाचेच काही जात नाही. पाटी चुकीची रंगली की दोष ब्रशचा, भाषण पडले की दोष माईकचा, आणि मते पडली नाहीत की दोष लोकांचा. या माणसांच्या घरी आरसा नसतो की काय, मला कधी कळलेले नाही.

चुंगबाईंनी आ-बेंगकडून माईक घेतला. हातातली ताटली कडेला ठेवून गाडीच्या मागच्या फळीवर चढल्या. मी अंग आवळून बसलो.

"आता मी माझ्या बोलीत बोलते," त्या म्हणाल्या, "कारण तुमची मला येत नाही. येते असं दाखवायला गेले, तिथंच चुकलं. कर्णा ठणठणीत आहे. जीभ माझी घसरली. मी म्हणाले होते, सरकार तुमचा माल विकायला मदत करेल. घेईल असं नाही. आणि ती मदतसुद्धा यंदा होणार नाही, झालीच तर पुढच्या हंगामात. तुमच्या व्यापाऱ्याला आजच्या आज बोलवा. मतदानाची वाट बघू नका. ढग बघा."

दर वाक्याला त्या थांबत होत्या, हाताने खूण करत होत्या, 'घेणे' म्हणताना हात छातीशी आणत होत्या आणि 'विकणे' म्हणताना दूर नेत होत्या. कुणालाही चुकीचे ऐकू येण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. मी माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ कधी वाजलो नव्हतो.

अंगणात कुणी टाळी वाजवली नाही. मोए काकू पुढे आल्या, बाई खाली उतरताच कडेला ठेवलेली वड्यांची ताटली उचलली आणि घरात निघून गेल्या.

"लाज वाटायला पाहिजे!" शिउकिमने फाटकाकडे बोट दाखवले. "लोच्या तोंडावर फाटक लावलं मी. तुमच्या एका शब्दापायी. आता तो हसेल मला!"

"हसू दे," बाई म्हणाल्या. "पण फाटक आजच उघडा. मी येऊ तुमच्याबरोबर? मी सांगते त्याला, चूक माझी."

"नको! तुम्ही आलात की आणखी काहीतरी घोळ कराल."

बाई मान खाली घालून ताफ्याकडे गेल्या. वेई तोवर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बाईंनी वाटोळं केलं."

शिउकिमने तिथेच उभे राहून लोला फोन लावला. पलीकडून त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "काय वहिनी, सरकारची गाडी पंक्चर झाली का?" शिउकिमने ओठ चावला आणि ऐकून घेतले. लोने भाव चांगलाच पाडला. तिने तोही ऐकून घेतला. पुढचे काही दिवस लोच्या गाड्या येत राहिल्या, आणि ताट रिकामे होईल तसतसा तिचा राग वाढत गेला. दरवर्षी मिळायचे त्याहून बरेच कमी मिळाले होते. आ-बेंगने एकदा म्हणून पाहिले, "मिळालं तरी." तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो गाडी पुसायला गेला.

पक्षाने चुंगबाईंना पुन्हा आमच्या भागात पाठवले नाही. नव्या फलकांवर थांग साहेबांचा चेहरा मोठा झाला आणि बाई कोपऱ्यात गेल्या. वर्तमानपत्रांनी 'जिभेचा घोटाळा' म्हणून त्यांची टर उडवली. मला नुसते संगीत वाजवायला दिले. त्यात कुठला शब्दच नव्हता, म्हणजे चुकायची भीती नाही. मतदानाच्या दिवशी शाकहांगने ओळीने उभे राहून दुसऱ्या जोडीवर शिक्के मारले. मोए काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "दाबून मारलाय, शाई फुटेपर्यंत." थांग साहेब आणि चुंगबाई देशभरही हरले. पक्षातल्या लोकांनी हरण्याचे कारण लगेच शोधून काढले. कारण अर्थातच बाई.

त्याच आठवड्यात वारा पडला आणि पाऊस सुरू झाला. मोठा नाही, आमच्याकडचा तो चिवट, झिमझिमता, दिवसचे दिवस न थांबणारा. भिंतींना घाम फुटला, कपडे वाळेनात, लाकडाला हिरवट वास येऊ लागला. आ-बेंगने गाडी छपरात घेतली होती, म्हणून मला अंगण समोर दिसत होते. रिकाम्या अंगणात पाणी साचत होते. बांबूची ताटे ओसरीत एकावर एक रचून ठेवली होती, धुऊन, कोरडी. शिउकिम दारात उभी होती.

"आ-बेंग," ती म्हणाली, "त्या बाईनं मतदानापर्यंत कळ काढली असती तर?"

"तर आज आपण सगळं फावड्यानं भरत असतो."

"आणि आपल्या गावाची मतं तिला पडली असती."

"पडली असती."

तिने रचलेल्या ताटांतले वरचे ताट सरळ केले. "मी नाही दिलं तिला मत."

"माहितीये."

"राग आला होता मला."

"तेही माहितीये."

"आता देता येतं का रे?" तिने विचारले.

आ-बेंगने हातातले फडके पिळले. "नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस संपले. आता गाड्यांवर दिव्यांचे झगमगते पडदे आले, आणि मला आ-बेंगने छपरातल्या एका खिळ्याला अडकवून ठेवले आहे. मला पुसा, मला तेलपाणी करा, असे रडगाणे मी गाणार नाही. मी पत्रा आहे, मला काही दुखत नाही. मागणे एवढेच आहे की, चूक चारचौघांत आणि मोठ्याने झाली असेल तर दुरुस्तीही चारचौघांत, तितक्याच मोठ्याने करा. गाडीमागे कुजबुजू नका, आणि दोष कर्ण्यावर ढकलू नका. आणि कुणी स्वतःचे नुकसान सोसून तशी दुरुस्ती करायला उभे राहिले, तर त्याच दिवशी त्याला काय द्यायचे ते द्या. पाऊस पडून गेल्यावर शिउकिमच्या हातात शिक्का नव्हता.